चाळीस माळांचा झगा

"मोर नको, कमळ नको, आणि ताजमहाल तर अजिबात नको. जिकडे आजवर कुणाची नजर गेली नाही, तिकडून प्रेरणा घेऊन या."

हा आवाज भूमिकाच्या कॉलेजातल्या मॅडमचा. रजनीबाईंनी त्या मॅडमना कधी पाहिलं नव्हतं. पण भूमिका फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलायची, त्यामुळे तो आवाज घरातल्यांपैकीच एक झाला होता. कणकेचा गोळा हातात घेतला तरी रजनीबाईंच्या मनात उमटायचं, कमळ नको.

दुसऱ्या गावच्या माणसाला ताजमहाल नको म्हटलं तर चालून जातं. बुऱ्हाणपूरच्या माणसाला ते जरा लागतं. मुमताज गेली इथे, पहिल्यांदा मातीत ठेवली ती इथे, आणि ताजमहाल मात्र आग्र्याला. गावातला कुठलाही माणूस हे दुःख कालच घडल्यासारखं सांगतो. रजनीबाईंचे यजमान मधुकरराव तर पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या मते हे प्रकरण त्या वेळी नीट पाठपुरावा न झाल्यामुळे हातचं गेलं.

भूमिका ही त्यांची पुतणी. इंदूरला फॅशन डिझायनिंग शिकत होती. गेल्या वर्षी शेवटच्या परीक्षेला, तिथे तिला ज्यूरी म्हणतात, तिने मोर केला. परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "हा यंदाचा नववा मोर." भूमिका नापास. तिचे वडील गिरधर, दापोऱ्याला त्यांची केळीची बाग, तसा माणूस वाईट नाही. फक्त कपडे दुकानात तयार मिळतात, यावर त्यांची श्रद्धा होती. ते म्हणाले, "या खेपेला पास झाली तं ठीक. नाही तर सामान बांध अन् घरी ये. स्थळं पाहून ठेवली आहेत."

तेव्हा श्रावण लागता लागता भूमिका बुऱ्हाणपुरातल्या लालबागला काका-काकूंकडे आली ती प्रेरणा शोधायला. येताना तिने एक डमी आणली. म्हणजे कापडात कापूस भरून केलेलं बाईचं धड, खाली लाकडी पाय, वर मान, आणि मानेवर काहीच नाही. मधुकररावांनी पहिल्याच दिवशी त्या मानेवर आपली टोपी अडकवली. बिनडोक्याच्या व्यक्तीशी जुळवून घ्यायचा त्यांना खात्यात चौतीस वर्षांचा सराव होता.

प्रेरणेचं कामही त्यांनीच हाती घेतलं. फुलस्केप कागदावर 'प्रेरणास्थळे' असा मथळा, खाली एक ते चौदा क्रमांक, शेजारी 'शेरा' असा रकाना. क्रमांक एक, असीरगड. भूमिका गडावर जाऊन आली आणि म्हणाली, "काका, चढताना फक्त पाण्याची प्रेरणा आली." क्रमांक चार, केळीच्या घडावर घालतात ती निळी पिशवी. तिचा स्कर्ट खरंच बरा झाला होता, पण गिरधरनी व्हिडिओ कॉलवर पाहिला. "घडाची पिशवी तू घालणार, मग घडाला काय माझं धोतर घालू?" क्रमांक सात, मांडा. आपल्याकडचा मांडा असतोच ओढणीएवढा. भूमिकाने तो डमीच्या खांद्यावरून सोडला, पडलाही झकास. ती फोटोसाठी उजेड बघत होती, तोवर मुंग्यांनी मांडा बघितला. उरलेली प्रेरणा मधुकररावांनी वरणात बुडवून संपवली आणि शेऱ्यात लिहिलं, 'उत्तम'.

या सगळ्यात रजनीबाई कुठे नव्हत्या. त्यांना त्यांचे नेम होते. सोमवार, गुरुवार, शनिवार हे उपासाचे. राहिलेले वार त्यांनी चातुर्मासात एकभुक्त करून टाकले होते, म्हणजे कुणा वाराला वाईट वाटायला नको. शिवाय चार महिने रोज एकशे आठ मण्यांचं कापसाचं वस्त्र करून गल्लीतल्या देवीला नेऊन द्यायचं. आपण त्याला कापसाची माळ म्हणू. देव त्याला वस्त्र म्हणतो आणि वस्त्र म्हणूनच घेतो. सरकी काढलेला कापूस हाताने लांबवायचा, ओल्या बोटांनी ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा, मधला फुगवटा चपटा केला की झाला मणी. सुई नाही, दोरा नाही. शेवटी पिळापिळावर कुंकवाचं बोट. आणि रजनीबाईंचा आपला एक नेम होता की पहिल्या मण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत बोलायचं नाही. तसाही त्यांचा आवाज असा मऊ की रिक्षात त्या दोन गल्ल्या आधीपासूनच 'थांबा' म्हणायला सुरुवात करत.

चौथ्या दिवशी सकाळी भूमिका चहाचा कप घेऊन देवघराच्या दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली.

"काकू! हे काय आहे?"

रजनीबाई एकोणिसाव्या मण्यावर होत्या. गप्प.

"रोज करतेस? हाताने? आणि याला म्हणतात काय, वस्त्र ना? म्हणजे देवाचा ड्रेस! काकू, मी चार दिवस पागलसारखी गावभर फिरतेय आणि हे इथे, घरातच?"

बत्तीस. तेहतीस.

"याचा केप केला तर? गळ्यापासून पायापर्यंत नुसत्या माळाच माळा. चाळीस तरी लागतील. काकू, तू करून देशील ना? देशील ना, प्लीज?"

रजनीबाईंनी मान हलवली. तिचा अर्थ, थांब बाई, एकशे आठ होऊ दे. पण आपल्याकडे मानेला इतकं बारीक बोलता येत नाही. शेवटचा मणी होईपर्यंत भूमिकाने मॅडमना फोटो पाठवले होते, फोन लावला होता आणि मॅडमचा आवाज घरभर झाला होता, "देवाचं कापड! वंडरफुल! यही चाहिए था मुझे!" रजनीबाई म्हणाल्या, "अगं, पण..." हा 'पण' त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंत कसाबसा पोचला.

तरीही त्यांनी संध्याकाळी नाही म्हटलं असतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण संध्याकाळी गिरधरचा फोन आला. भूमिका या वेळी स्पीकर न लावता बोलली, बोलली म्हणजे नुसतं "हो पप्पा, हो पप्पा" म्हणाली, आणि फोन ठेवून डमीच्या मानेवरची मधुकररावांची टोपी उगाच सरळ करत राहिली. रजनीबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा झगा तुला मिळेल. शब्द देते."

मधुकररावांनी पेपर खाली घेतला. रजनीबाई आजवर शब्द देत आल्या त्या फक्त देवांना, आणि त्यातला एकही मोडलेला त्यांनी पाहिला नव्हता. सोळा सोमवार म्हटले की सोळा, त्यात ताप आला तरी सोळा.

दुसऱ्या दिवशी शेजारची वैशाली आली. वैशाली शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात, न विचारलेल्यांची आधी.

"काकू, मी काही म्हणत नाही हं. पण देवाचं वस्त्र माणसाच्या अंगावर? मी काही म्हणत नाही."

काही न म्हणता ती पाऊण तास बोलली. शेवटी गुरुजींना फोन लावायचं ठरलं. गुरुजी कुठल्याशा वास्तुशांतीत होते, मंत्र आणि उत्तर यांच्यामध्ये श्वास घेत त्यांनी निर्णय दिला, "वाहिलं नाही तोवर कापूस. वाहिलं की देवाचं. एवढंच आहे ते. स्वाहा."

धर्मशास्त्र सुटलं, पण रंग अडला. भूमिकाला पिळापिळावर लाल ठिपका हवाच होता. कुंकू तर लावायचं नाही, कुंकू लावलं म्हणजे वाहिल्यासारखंच. आळता? वैशाली म्हणाली, आळता पायाचा, तो गळ्याशी कसा जाईल? शेंदूर मारुतीचा. गुलाल निवडणुकीचा. अखेर बीट ठरलं. बिटाला धर्मशास्त्रात कुठेच जागा नाही, हा त्याचा मोठाच गुण.

मग कॉलेजचा फॉर्म आला. त्यातलं कलम सात असं, की पारंपरिक कला वापरली असेल तर ती करणाऱ्या कारागिराचं सरकारी ओळखपत्र जोडावं. रिटायर झाल्यापासून मधुकरराव इतके आनंदात कुणी पाहिले नव्हते. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला, फाइलला लेस लावली, आणि रजनीबाईंना घेऊन हस्तकलेच्या सरकारी ऑफिसात गेले.

खिडकीतल्या बाबूने अर्ज उलटा सुलटा केला. "कला कौनसी है?"

"वस्त्रमाळ," मधुकरराव म्हणाले.

"लिस्ट में नहीं है. देखिए, बुनकर है, कुम्हार है, बाँस है, ज़री है. रुई का काम है ना? गादी-रजई में डाल देता हूँ."

रजनीबाईंच्या माहेरी तीन पिढ्या कीर्तनकार. त्या म्हणाल्या, "आम्ही गाद्या भरत नाही." बाबू म्हणाला, "जी, ज़रा ज़ोर से?" दुसऱ्यांदा हे वाक्य बोलायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते तसंच राहिलं.

"ठीक है. अब करके दिखाइए. नियम है."

समोरच्या बाकावर बसून रजनीबाईंनी पिशवीतून कापूस काढला, वाटीत बोटं बुडवली आणि सुरू केलं. आता नेम तो नेम; ऑफिस सरकारी असलं म्हणून मौन काही सुट्टीवर जात नाही.

"कितने साल से कर रही हैं?" गप्प. "आधार लाई हैं?" गप्प. "माताजी, आप से पूछ रहा हूँ."

"साहेब, एकशे आठ होऊ द्या," मधुकरराव म्हणाले. बाबूने घड्याळ पाहिलं आणि तो जेवायला गेला.

धूलकोटकडचं एक कुटुंब कसल्याशा दाखल्यासाठी सकाळपासून तिथे ताटकळत होतं. त्यातल्या म्हातारीने पाहिलं. फिकट पिवळी साडी, रुपयाएवढं कुंकू, मिटलेलं तोंड, अर्धे डोळे, आणि बोटांतून आपोआप निघणारी पांढरी माळ. सरकारी ऑफिसात इतकी शांत बसलेली व्यक्ती तिने जन्मात पाहिली नव्हती. तिने हात जोडले आणि पुढ्यात दोन केळी ठेवली. तिच्यामागून एकीने नारळ ठेवला. तिसरी येऊन कानाशी म्हणाली, "माताजी, पोरीचं लगीन औंदा जमंल का?" रजनीबाई एक्क्याण्णवाव्या मण्यावर होत्या. त्यांनी आपली ती थांब म्हणणारी मान हलवली. बाईने डोळे पुसत पाय धरले.

बाबू जेवून आला तर खिडकीशी कुणी नाही आणि बाकाशी सात जणांची रांग. त्याला वाईट वाटलं, पण तो सावध माणूस होता. त्याने आधी नमस्कार केला, मग सही केली. ओळखपत्रावर आलं : 'सौ. रजनी मधुकर. कला : गादी-रजई (लघु).' हा लघु शब्द त्याने आदराने घातला होता म्हणे. रजनीबाईंनी कार्ड पर्समध्ये उलटं ठेवलं.

चाळीस माळा एकटीने व्हायच्या नव्हत्या; रोजची देवीची माळ वेगळी. तेव्हा त्यांनी भजनी मंडळाला शब्द टाकला. अकरा जणी तयार झाल्या. भिकन म्हणून दापोऱ्याचा एक ओळखीचा शेतकरी, त्याने कापसाचं पोतं आणून दिलं. दुपारी तीनला सगळ्या जणी रजनीबाईंच्या पुढच्या खोलीत बसल्या. कापूस उडतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, दार लोटलेलं. आणि अट एकच, मणी सुरू झाला की बोलायचं नाही.

सव्वातीनला गल्लीतले पुरुष एकेक करून बाहेर आले. अकरा बायका एका खोलीत गेल्यात आणि आवाज नाही, म्हणजे आत काहीतरी घडलेलं आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कुणीतरी टीव्ही बंद केला. कुणी कॉलर सारखी केली. सकाळी पोतंभर कापूस आत जाताना सगळ्यांनी पाहिला होता. आता प्रत्येकाने त्याचा आपापला अर्थ लावला. बाहेर चपलांचा ढीग पडलेलाच होता.

एवढ्यात मधुकरराव कोपऱ्यावरून बीट घेऊन आले. वैशालीचा नवरा पुढे झाला आणि त्याने त्यांना मिठीच मारली. "काका, धीर धरा."

"कशाचा?"

"आता तुम्हीच असं विचारलं तर," तो म्हणाला आणि त्याने रुमाल काढला.

मधुकररावांनी चपला पाहिल्या, लोटलेलं दार पाहिलं. त्यांच्या हातून पिशवी सुटली. "रजनी!" करून ते दारावर धडकले. आत बारा बायकांनी एकदम वर पाहिलं आणि बारा जणींनी ओठावर बोट ठेवलं. रजनीबाई मधोमध होत्या, चांगल्या ठणठणीत, सत्तराव्या मण्यावर. मधुकररावांना काही विचारता येईना आणि कुणी काही सांगेना. ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देत राहिले. अडतीस मणी ते तसेच बसले होते. एकशे आठावा मणी झाल्यावर रजनीबाईंनी हात पुसले आणि विचारलं, "बीट आणलं का?"

पंधरा दिवस हे चाललं. घरात कापूस सगळीकडे गेला. चहात तंतू, भाजीत तंतू, मधुकररावांच्या मिशीत तंतू. दीड दिवसाचा गणपती आला आणि गेला, तोही थोडा पांढरा होऊन गेला असेल. भूमिकाने बारीक मलमलीवर एकेक माळ टाचली. बुधवारी संध्याकाळी चाळिसावी माळ लागली. डमीच्या मानेपासून लाकडी पायापर्यंत पांढऱ्या मण्यांची धार उतरली होती, मधूनमधून लाल ठिपके. वैशाली बघायला आली आणि खरोखरच काही म्हणाली नाही. ज्यूरी सोमवारी होती.

गुरुवारी महालक्ष्म्यांचं पूजन. मधुकररावांच्या घरी ही प्रथा नाही. गिरधरकडे बायकोच्या हौसेने बसतात, म्हणून भूमिका सकाळीच दापोऱ्याला गेली, संध्याकाळी यायची होती. शेजारी वैशालीकडे मात्र उभ्या महालक्ष्म्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगायचं तर, धड असतं स्टँडवर, त्याला साडी नेसवतात, गळ्यात कापसाच्या वस्त्रमाळा घालतात आणि वर मुखवटा बसवतात. मुखवटा बसवण्याआधी त्या कशा दिसतात, हे आता वेगळं सांगायला नको.

दुपारी रजनीबाई देवीला रोजची माळ द्यायला गेल्या होत्या. मधुकरराव आरामखुर्चीत पेंगत होते. दार उघडं. वैशालीची सासू धुरपदाबाई, वय शहाऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, हळदीकुंकवाचं ताट घेऊन गल्लीत घरोघर चालली होती. ती दारात आली आणि थबकली.

"बाई वं! रजनीकडे महालक्ष्मी बसली, अन् मले कोनी सांगितलं नाही!"

मधुकररावांनी डोळे किलकिले केले. धुरपदाबाई आत येऊन नीट पाहत होती. "अन् एकच का रे मधू? दुसरी कुठे?"

"दापोऱ्याला गेलीय. संध्याकाळी येईल," मधुकरराव भूमिकाबद्दल म्हणाले आणि पुन्हा पेंगले.

धुरपदाबाईला यात काही वावगं वाटलं नाही. देवी आहे, तिचं माहेर असेल दापोऱ्याचं. पण मुखवट्याशिवाय बाईला असं उघडं उभं ठेवलेलं तिला पाहवेना. ती तशीच घरी गेली. तिच्याकडे नव्या मुखवट्यांची जोडी आल्यापासून सासूच्या वेळचा जुना पितळी मुखवटा पेटीत पडून होता, त्याचा जोडीदार केव्हाच हरवलेला. तो तिने पदराने पुसून आणला आणि डमीच्या मानेवर बसवला. असा बसला की दोघांचं माप एकाच शिंप्याने घेतलं असावं. मग हळद, कुंकू, अक्षता, आवाहन, सगळं यथासांग. पिळापिळावरचे बिटाचे ठिपके तिला फिके वाटले, म्हणून जिथे हात पोचला तिथे तिने कुंकवाचं बोट लावलं.

रजनीबाई परतल्या तेव्हा आरतीचं दुसरं कडवं चाललं होतं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधुकरराव कोपऱ्यात टाळ्या वाजवत उभे होते आणि त्यांचा चेहरा, झोपेतून उठवून लग्नाला उभ्या केलेल्या माणसासारखा झाला होता.

धुरपदाबाईने रजनीबाईंचा हात धरला. तिच्या दोन्ही डोळ्यांना, ऑपरेशनच्याही आणि व्हायच्याही, पाणी होतं. "बारा वरसं पेटीत होती वं माझी सासूबाई. रोज वाटे, आपल्या माघारी हिला कोण पुसंल. आज तिले घर भेटलं."

रजनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मुखवट्याकडे. मग पदर खांद्यावर घेतला आणि त्या तिसऱ्या कडव्यात मिसळल्या.

संध्याकाळी भूमिका आली. दारातच उभी राहिली.

"काकू. माझा ड्रेस."

"बस आधी. पाणी घे."

"काकू, ये क्या है? हा कुणाचा चेहरा आहे?"

रजनीबाईंनी सांगितलं. भूमिका खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "ठीक आहे. मुखवटा परत देऊ. कुंकू झटकून टाकू. खालचे डाग तसेही बिटाचे आहेत. कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"ते आता तुझं नाही, भूमी. माझंही नाही."

"काकू, ती डमी आहे!"

"होती," रजनीबाई म्हणाल्या.

"सोमवारी ज्यूरी आहे."

"माहीत आहे."

"आणि पप्पा..."

"तेही माहीत आहे."

भूमिका रडली, मग रागावली, मग दोन्ही एकदम. शुक्रवारी सकाळच्या बसने ती इंदूरला निघून गेली. जाताना पाया पडली, पण बोलली नाही. मॅडमना नाही झालं म्हणून सांगते, एवढंच मधुकररावांना म्हणाली.

त्याच दिवशी विसर्जन. दहीभाताचा नैवेद्य झाला, धुरपदाबाईने निरोपाच्या अक्षता टाकल्या आणि मुखवटा पदरात घेऊन ती घरी गेली. पुढल्या वर्षी पुन्हा इथेच, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं. झगा घेऊन रजनीबाई आणि मधुकरराव तापीच्या घाटावर गेले. निर्माल्यासाठी केलेल्या टाक्यापाशी उभा असलेला कर्मचारी म्हणाला, "माताजी, इतना बड़ा हार?"

"वस्त्र आहे," रजनीबाई म्हणाल्या.

चार हजार तीनशे वीस मणी. पाण्यात टाकल्यावर ते आधी तरंगले, एखादं पांढरं कबूतर बसल्यासारखे, मग ओले होऊन मलमलीसकट खाली गेले.

परतताना रिक्षात मधुकरराव म्हणाले, "तू मंडळातल्या बायकांना परत का नाही बोलावलंस? सगळ्या पुन्हा बसल्या असत्या करायला."

"अन् धुरपदाबाईंना काय सांगू? की तुम्ही शिंप्याच्या लाकडाला ओवाळलं?"

मधुकररावांनी मनात एक मसुदा जुळवला. मग म्हणाले, "बरं. मी कॉलेजला अर्ज लिहितो. मुदतवाढीचा. दैवी आपत्ती म्हणून एक कलम असतंच." घरी येऊन त्यांनी तो लिहिला, तीन प्रतींत, आणि 'दैवी' या शब्दाखाली रेघ मारली.

शनिवारी पहाटे रजनीबाईंनी आंघोळ केली, पूजा केली, देवीची रोजची माळ केली आणि उजाडता उजाडता ती देवळात देऊन आल्या. मधुकरराव उठले तेव्हा त्या कापडी पिशवीत कापूस दाबून भरत होत्या. वर एक वाटी, दोन बिटं, घडी केलेली मलमल.

"कुठे?"

"इंदूरला. भूमीच्या हॉस्टेलवर. डबा ओट्यावर आहे, दूध तापवलंय."

"एकटी?" लग्नापासून त्या कुठेही गेल्या तरी तिकीट मधुकररावांच्या हातात असे. "अगं, चाळीस माळा! आजचा दिवस अन् उद्याचा. मी आकडा मांडून बघितला, बसत नाही."

"बसमध्ये पाच-सहा तास आहेत. तिथे पोरी आहेत."

"त्या पोरी गप्प बसतील?"

यावर रजनीबाईंनी जरा विचार केला. "बघू," त्या म्हणाल्या.

मधुकररावांनी टोपी उचलली, मी येतो म्हणाले. पण धुरपदाबाई दहा वाजता यायची होती, महालक्ष्मीच्या स्टँडला हळद लावून ठेवायची असते म्हणे. ती आली तर दोघंही घरात नाहीत हे बरं दिसलं नसतं. तेव्हा त्यांनी टोपी पुन्हा डमीला अडकवली. वैशाली दारात सडा टाकत होती. "काकू, सकाळी सकाळी? इतकं सामान?"

"जरा जाऊन येते," रजनीबाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

बसस्टँडवर इंदूरची गाडी लागलेली होती. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट मिळाली. खिडकीतून वारा येत होता. कापूस उडाला असता. शेजारच्या माणसाला त्यांनी दोनदा सांगितलं, त्याने दोनदा "हाँ?" केलं. मग त्यांनी स्वतःच उठून काच ओढली, दोन्ही हातांनी, करकर वाजवत. पिशवी मांडीवर घेतली. वाटीत बाटलीतलं पाणी ओतलं. गाडी हलली आणि मागून तिकिटं फाडत येणारा कंडक्टर अजून चार सीटा लांब होता. तो येईपर्यंत त्या हात जोडून थांबल्या.

"कहाँ, माताजी?"

"इंदौर. एक." तिकीट घेऊन त्यांनी पदराच्या टोकाला बांधलं. "और भैया, जो भी पूछना हो, अभी पूछ लो. इंदौर तक फिर नहीं बोलूँगी."

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं. "नहीं माताजी," तो जरा हळू आवाजात म्हणाला, "कुछ नहीं पूछना."

रजनीबाईंनी बोटं ओली केली.